ओल्या तासातला तिळगूळ

गडहिंग्लज ते आजरा या रस्त्यावर एके काळी शालन बरगे यांचा नकार प्रसिद्ध होता. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली. दाराला लोंबकळणाऱ्याकडे न बघताच त्या म्हणायच्या, "जागा न्हाई, मागच्या गाडीनं या," आणि माणूस मुकाट उतरायचा. तो आमदाराचा मेहुणा असला तरी उतरायचा. निवृत्तीनंतर या नकाराची धार वर्गणीवाल्यांनी सोसली, विमावाल्यांनी सोसली, आणि 'ट्रॉली जरा तुमच्या अंगणात लावू का' असं दर सुगीला विचारणाऱ्या शेजारच्या बंडा कुराडेनंही सोसली.

शिवाय त्यांच्या मुलानं. तुषार हैदराबादला नोकरीला होता, बायको नम्रता आणि लहान मुलगी तिथंच. वडील गेल्यापासून आई गावात एकटी, म्हणून दर होळीच्या सुमारास तो फोनवर विचारायचा, "आई, कायमची येतेस का इकडे?" शालनताई म्हणायच्या, "न्हाई." तो विचारायचा, "का?" त्या सांगायच्या, "तुझ्या एकोणिसाव्या मजल्यावर कावळासुद्धा दमून येतोय." मग दोघं थोडं भांडायचे, थोडं हसायचे आणि विषय पुढच्या होळीवर जायचा. तुषारला मनापासून वाटायचं आईनं यावं, आणि शालनताईंना मनापासून वाटायचं की आपण आपल्या घरातच मरावं. दोन्ही खरंच होतं.

अशा बाईच्या तोंडून तो एक शब्द एकाएकी नाहीसा झाला. त्याला कारण झालं विज्ञान, आणि थोडा गूळ.

झालं असं, की गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये साठीपुढच्यांसाठी निसर्गवर्ग सुरू झाला. झाडं, पाखरं, किडे, माती, आभाळ, सगळं शिकवणार. म्हाताऱ्यांना शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं गाव म्हणालं. पण पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं घडा उताणा करायची युक्ती काढली होती.

लहान मूल भाषा शिकतं, पोहायला शिकतं, भ्यायला शिकतं, ते सगळं झपाट्यानं. कारण त्याच्या मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी जोडणी अजून सैल असते. वय वाढतं तसं या पेशींभोवती साखरेच्या आणि प्रथिनांच्या धाग्यांचं बारीक जाळं विणलं जातं. ते जाळं शिकलेलं जपून ठेवतं, आणि नवं सहजी आत येऊ देत नाही. सारवलेली जमीन वाळली की तिच्यावर माणूस नाचला तरी ठसा उमटत नाही. ओली असताना मात्र कोंबडी चालून गेली तरी तिचा पाय कायमचा राहतो. संस्थेनं नाकात मारायचा असा फवारा तयार केला होता, की जो ते जाळं तासाभरापुरतं सैल करी. मग ते पुन्हा आपोआप घट्ट होई. महिन्यातून एकदाच घ्यायचा, मेंदूला उसंत हवी. मधल्या आठवड्यांचे वर्ग कोरडे. वर्गातल्या मंडळींनी फवाऱ्याला 'तपकीर' नाव ठेवलं आणि त्या तासाला 'ओला तास'.

ओल्या तासाचे नियम कडक होते. फोन बंद. घरचं कुणी आत येणार नाही. राजकारण नाही, भांडण नाही, बातम्या नाहीत. कारण त्या तासात कानावर पडेल ते खोल जाणार, आणि ते शहाणं आहे की खुळं हे मेंदू बघत बसणार नाही.

शिकवायला आली प्रणाली लांजेवार. तिशीची, भंडाऱ्याकडची, जंगलात वाढलेली. पहिल्या ओल्या तासात तिनं पाखरांचे आवाज ऐकवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणात पडल्यापडल्याच शालनताईंना बाहेरच्या कलकलाटातून एकेक पाखरू वेगळं ऐकू आलं. हा तांबट. हा दयाळ. तो लांबचा भारद्वाज. तीस वर्षं ज्या झाडांखालून त्यांची गाडी गेली, ती झाडं त्यांना आता नावानिशी भेटू लागली. आजऱ्याच्या घाटात एका बेहड्याला त्यांनी हात लावला आणि त्यांना रडूच आलं. सदुसष्टाव्या वर्षी कुणी आपल्याला एवढं मोठं जग हातात आणून देतं, याचे उपकार कसे फेडायचे, त्यांना कळेना.

मुलं मास्तरांकडून नुसता धडा घेत नाहीत, बोलण्याची लकबही घेतात. तसंच इथं झालं. दिवाळीपर्यंत निवृत्त मुख्याध्यापक रेडेकर नातवाला म्हणाले, "काहून रडून राहिला बाप्पा?" सून दचकली. सासऱ्यांच्या तोंडी प्रणालीच्या मुलखाची ही बोली तिनं जन्मात ऐकली नव्हती. वर्गातल्या साऱ्यांच्या घरी थोड्याफार फरकानं हेच झालं, आणि गाव पोट धरून हसलं. प्रणाली लाजली. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, म्हणून कुणी पुढचा विचार केला नाही.

मग जानेवारीचा ओला तास नेमका संक्रांतीच्या दिवशी आला.

शालनताईंनी तिळाचे लाडू केले होते. डबा तास संपल्यावर उघडायचा हे त्यांना ठाऊक होतं. पण संक्रांतीला समोर माणसं असताना तिळगूळ झाकून ठेवायचा, हे त्यांच्या हातांना पटेना. फवारा मारून झाला, प्रणाली पडदा लावायला वळली, आणि शालनताईंनी डबा उघडला. मग काय, सगळे उठले. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या हातावर लाडू ठेवला, वाकून नमस्कार केले, आणि म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." प्रणालीही हसली आणि तिनंही एक लाडू तोंडात टाकला.

हे वाक्य त्या सगळ्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं, नुसतं ओठांनी. त्या दिवशी ते त्यांनी पहिल्यांदा लहान पोरासारखं ऐकलं. जिभेवर गूळ, समोर मायेचा चेहरा, कानात वाक्य. लहान मूल तरी यापेक्षा वेगळं कसं शिकतं?

परिणाम दिसला तो आधी चांगलाच. अण्णासाहेब मगदूम आणि रेडेकर यांच्यात बांधावरून जुनं वैर होतं. वर्गातही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत. संक्रांतीनंतर मगदूम रेडेकरांच्या घरी चहाला जाऊ लागले. वर्गातल्या कोरीबाईंनी सुनेला सहा महिन्यांत पहिल्यांदा चांगलं म्हटलं. घरोघरी आनंदीआनंद. तपकिरीचे गुण गात लोक प्रणालीला नारळ देऊ लागले. त्यामुळे फेब्रुवारीचा ओला तास कोळीकिड्यांची जाळी शिकण्यात मजेत गेला. तक्रारच कुणाची नव्हती.

शालनताईंच्या अंगणात बंडा कुराडेची ट्रॉली लागली. मग त्याचा नांगर आला, मग कडब्याची गंज. जास्वंदीवर ऊन येईनासं झालं. शालनताई रोज ठरवायच्या की आज सांगायचं. बंडा समोर यायचा आणि त्यांच्या तोंडून निघायचं, "असू दे की, तुझंच घर हाय." नकार घशापर्यंत यायचा आणि तिथंच विरघळायचा.

होळीला तुषारचा फोन आला. नेहमीचं बोलणं झालं आणि त्यानं नेहमीसारखं, हसतच विचारलं, "मग, येतेस का कायमची?"

"व्हय," शालनताई म्हणाल्या, "येते की लेकरा."

पलीकडे त्याला आधी खरंच वाटेना. मग तुषारचा आवाज भरून आला. "खरंच आई? नम्रताला सांगू? खोली रंगवून घेतो."

"घे," त्या म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा कुठं आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पोरगा इतका आनंदला होता, की आता परत फोन करून त्याला 'चुकून बोलले' म्हणणं म्हणजे कडू बोलणं झालं असतं. आणि कडू बोलणं तर त्यांना जमतच नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी डोळे पुसत भांडी बांधायला घेतली.

आठवड्यानं तुषार गाडी घेऊन आला. आपली आपण चालणारी गाडी, त्यामुळे रात्रभर झोपून ताजातवाना आला. अंगणातली ट्रॉली बघून तो थबकला. "ही इथं कशी?"

"बंडाची हाय. अडचण होत होती त्याला."

तुषारनं आईकडे नीट पाहिलं. या बाईनं बंडाला पंधरा वर्षं दारात उभं केलं नव्हतं. जेवताना त्यानं विचारलं, "आई, आमटीत साखर घालूया का थोडी?"

"घाल की."

"आपलं देवघर काढून तिथं टीव्ही लावू?"

"लाव बाळा. छान दिसंल."

तुषारनं हातातला घास ताटात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद ओसरताना शालनताईंनी बघितला, आणि त्यांचं काळीज हललं. पण त्याचबरोबर, का कोण जाणे, आत कुठंतरी हायसं वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला यायचंय ना हैदराबादला?"

"व्हय," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

हा त्या फवाऱ्याचाच प्रताप असणार, हे तुषारनं ओळखलं. तसाच उठून तो त्यांना प्रणालीच्या खोलीवर घेऊन गेला. प्रणालीनं सगळं ऐकलं. मधेच तिनं उगाच शालनताईंच्या हातातली बांगडी मागितली. त्यांनी ती काढूनही दिली. प्रणालीनं बांगडी परत त्यांच्या हातात चढवली आणि खाली बसली. "चूक माही आहे जी," ती म्हणाली. "डबा उघडला तेव्हाच मी थांबवायला पाहिजे होतं. मीच लाडू खात बसले."

तिनं संस्थेला फोन लावला. तिकडचे डॉक्टर म्हणाले, असं बसलेलं हळूहळू झिजेल, दोन-तीन वर्षं लागतील. लवकर काढायचं तर जसं बसलं तसंच काढायला हवं. ओल्या तासात, चव आणि शब्द एकत्र. या हंगामातला एकच ओला तास उरला होता, पाडव्याच्या आदल्या दिवशीचा.

"मी थांबतो तोवर," तुषार म्हणाला.

प्रणालीनं त्याला खरं ते सांगून टाकलं. "पण भाऊ, हे जमलं तर त्या तुम्हाला नाही म्हणतील. आत्ता न्याल तर खुशीत येऊन राहिल्या आहेत."

"खुशीत?" तुषार म्हणाला. "ताई, रस्त्यानं रडत आली ती."

शालनताई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना बोलायचं खूप होतं. पोरानं आठवडाभरात रंगवून घेतलेली खोली, नातीनं चिकटवलेले कागदी पक्षी, हे सगळं तो बाजूला ठेवत होता, ते नुसतं आईचा नकार ऐकण्यासाठी. कितीतरी लोकांनी या दोन महिन्यांत त्यांचा होकार बिनबोभाट खिशात घातला होता. हा एकटाच तो परत द्यायला निघाला होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वर्ग भरला आणि भलताच घोळ झाला. शेवटच्या तासात धनेश पक्षी शिकवायचा ठरला होता. त्याची ढोलीतली मादी, तिला भरवणारा नर, याची सगळ्यांना वर्षभर ओढ होती. तो सोडून हे उलटं काम करायचं, तर वर्गाची संमती हवी. प्रणालीनं विचारलं, "संक्रांतीचा ठसा काढायचा का?" सगळ्यांचे हात वर. तिनं विचारलं, "की राहू द्यायचा?" पुन्हा सगळ्यांचे हात वर. ती डोक्याला हात लावून बसली. नाही म्हणता न येणाऱ्यांना विचारायचं तरी कसं?

वाट मगदूमांनी दाखवली. त्यांनी काठी घेतली, उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. प्रणाली मागोमाग गेली. तेव्हा ते हसून म्हणाले, "बाळ, मी जन्मभर कडूच होतो. माझ्या बायकोला हे दिवस बघायला मिळाले न्हाईत. आता हाय ते राहू दे." रेडेकर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी आपली शाल मगदूमांच्या खांद्यावर टाकली आणि आत आले.

जीभ फितूर झाली तरी पाय अजून ज्याचे त्याच्याकडे होते. प्रणालीनं सांगितलं, "ज्यांना काढायचं त्यांनी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली यावं. बाकीच्यांनी इथंच बसावं, मी धनेश लावून देते."

शालनताई दोन्ही दारांच्या मधे उभ्या राहिल्या. धनेश त्यांनाही हवा होता. आणि खरं सांगायचं तर गोड असण्याचंही एक सुख होतं. लोक हसून बोलत होते, कुणी तोंड चुकवत नव्हतं. वर्गाच्या काचेतून रस्ता दिसत होता. त्यांचं लक्ष तुषारकडे गेलं. तासात घरच्यांनी जवळ थांबायचं नाही, म्हणून तो नदीकडे चालला होता. एक शब्द त्यानं आज आत टाकला असता, 'आई, माझ्याबरोबर चल,' तर तो जन्माचा रुतला असता. हे त्याला ठाऊक होतं. तरी तो पाठ फिरवून चालला होता, आणि वळून बघतसुद्धा नव्हता. शालनताई मागच्या अंगणात गेल्या.

फवारा झाला. निंबाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती. प्रणालीनं एक डहाळी तोडली. "झाडाला पाय नाहीत," ती म्हणाली. "कोणी खायला आलं तर पळून जाऊ शकत नाही. म्हणून ते पानात कडू भरते. किडा पान चाखते आणि त्याची भूकच जाते. बाभळीला शेळ्यांनी फार ओरबाडलं, तर नवीन पाल्यात ती तुरट रस वाढवते. यात राग नाही जी. झाड सावली देतच राहते, फूल देतच राहते. फक्त म्हणते, इथून पुढं नाही."

तिनं प्रत्येकाच्या हातावर पाला ठेवला, आणि पाडव्याला देतात तसा त्यात गुळाचा खडा. नुसतं कडू दिलं तर उद्या घरोघरी भांडणं लागतील, हे तिला या वेळी सुचलं होतं. मग जोड्या लावल्या. एकानं मागायचं, दुसऱ्यानं पाला चावत नाकारायचं.

शालनताईंसमोर रेडेकर आले. "शालनताई, तुमची खुर्ची द्या मला."

शालनताईंनी पाला चावला. कडू जिभेच्या मुळापर्यंत गेलं. त्या उठायलाच लागल्या.

"बसा," प्रणाली मागून हळूच म्हणाली. "त्यांच्याकडं पाहून म्हणा."

"न…" एवढ्यावरच शब्द अडला. रेडेकरांनी पुन्हा मागितलं. त्यांनी आणखी पाला तोंडात घातला. गूळ विरघळला आणि मागून पुन्हा कडू आलं, आणि या वेळी ते कडू त्यांना परकं वाटलं नाही. कुणी कान उपटत नव्हतं, कुणी रुसत नव्हतं. समोरचा म्हातारा उलट धीर देत मान हलवत होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जागा न्हाई. मागच्या गाडीनं या."

रेडेकर टाळ्या वाजवत उभे राहिले. अंगणभर सगळे एकमेकांना नाही म्हणत होते आणि हसत होते. शालनताईंनी प्रणालीचे दोन्ही हात धरले. "पोरी, तू मला आधी पाखरं दिलीस, आता माझी मला दिलीस," त्या म्हणाल्या.

तास संपून मेंदू वाळायला वेळ दिला, आणि मग त्या घरी आल्या. आधी त्यांनी कुंपणावरून हाक मारून बंडाला ट्रॉली, नांगर आणि कडबा उचलायला सांगितलं. बंडा म्हणाला, "मावशी, आणि आठ दिवस…" त्या म्हणाल्या, "न्हाई. पण आत ये, च्या पिऊन जा."

तुषार नदीवरून आला तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. तो शेजारी बसला. समोरच्या जास्वंदीकडे बघत त्यानं विचारलं, "आई, येतेस का हैदराबादला कायमची?"

शालनताईंनी घाई केली नाही. आत नीट चाचपून बघितलं. मुलावरची माया होती, रंगवलेल्या खोलीची ओढही होती. त्या सगळ्याखाली हे घर होतं, पहाटेचा तांबट होता, वर्गातली माणसं होती.

"न्हाई रे," त्या म्हणाल्या. "मी हितंच बरी हाय."

तुषारनं मान खाली घातली. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं. मग तो म्हणाला, "का?"

"तू परवाच्या होळीला माझं हे घर मागितलं असतंस, तर किल्ल्या दिल्या असत्या मी. तू घेतलं न्हाईस. त्याच्या आधी मी तुला शंभर वेळा न्हाई म्हटलं असंल, तरी तू मनाला लावून घेतलं न्हाईस." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लोकांची पोरं आईचं व्हय ऐकून घेतात. तू माझं न्हाई ऐकायला नदीवर जाऊन बसलास. देवानं मला फार दिलं बघ तुषार."

तुषारनं डोळे पुसले. "दोन महिने फोनवर कुणाशी बोलत होतो कुणास ठाऊक," तो म्हणाला. "आज आई सापडली." मग जरा अडखळत, खरोखरच उत्तर ठाऊक नसल्यासारखं त्यानं विचारलं, "मग मे महिन्यात आम्ही तिघं इकडे आलो तर? सुट्टीभर?"

आता शालनताईंना दोन्ही शब्द येत होते.

"व्हय," त्या म्हणाल्या.